काच फोडायची हातोडी, गिअर लॉक, डॅशकॅम : पैसा कुठे सत्कारणी लागतो

ॲक्सेसरीजच्या दुकानात काउंटरशेजारच्या खुंटीला नारिंगी किंवा लाल प्लास्टिकची एक छोटी हातोडी लटकलेली असते. दोन्ही बाजूंना पोलादी टोकं, दांड्यात सीटबेल्टचा पट्टा कापायचं पातं, किंमत दीड-दोनशे रुपयांपासून पुढे. नवी गाडी घेतली की सीट कव्हर, मॅट, परफ्यूम सगळं येतं आणि ही राहून जाते. घेतलीच तर डिकीत पडते. गाडीत सगळ्यात आधी हीच यायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त कुठलीही उचलून चालत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी मुंबईत पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्येच माणसं गुदमरून गेली. दार का उघडत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. दाराची रुंदी १ मीटर धरा आणि बाहेर दाराच्या तळापासून अर्धा मीटर पाणी आहे, आत कोरडं आहे असं समजा. त्या दारावर बाहेरून सुमारे सव्वाशे किलो वजनाइतका दाब येतो. पाणी दुप्पट चढलं तर दाब चौपट होतो. खांद्याने धक्के मारण्यात दम आणि वेळ दोन्ही जातात. म्हणून दाराचा नाद सोडायचा आणि काचेकडे वळायचं.

क्रम असा : पट्टा सोडा, लगेच काच खाली करा, आधी मुलांना बाहेर काढा, मग स्वतः निघा. पाणी लागल्यावरही पॉवर विंडो बहुतेक वेळा थोडा वेळ चालते. तो थोडा वेळ फोन लावण्यात घालवू नका. मागच्या काचा बंद ठेवायचं बटण ड्रायव्हरच्या दारावर असतं आणि लहान मुलांमुळे ते कायम दाबलेलं राहतं. पावसाळ्यात पाण्याच्या रस्त्याने जायचं असेल तर निघण्याआधी ते सोडवून ठेवा. काच खाली गेली तर हातोडीची गरजच पडत नाही. ती गेली नाही, तरच या वस्तूची खरी परीक्षा.

इथे दोन प्रकार समोर येतात. पहिली नेहमीची हातोडी, जी हात मागे नेऊन मारावी लागते. दुसरा स्प्रिंगचा पंच, अंगठ्याएवढा. त्याचं टोक काचेवर टेकवून दाबलं की आतली स्प्रिंग सुटते आणि बारीक पोलादी खिळा काचेवर आदळतो. सीटवर बसलेल्या माणसाला बाजूच्या काचेवर जोरात मारायला जागाच कमी असते. त्यात पाणी छातीपर्यंत आलं की हात पाण्यातून हलतो, वेग जातो, टोला बसत नाही. पंचाला वेग लागत नाही, दाब पुरतो. मनगटात जोर नसलेली आजीसुद्धा तो वापरू शकते. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटार संघटनेने २०१९ मध्ये अशी सहा साधनं तपासली तेव्हाही स्प्रिंगवाली हातोड्यांपेक्षा सरस ठरली. किल्लीच्या जुडग्याला अडकवता येणारा रेस्क्यूमीसारखा पंच आम्ही हातोडीच्या वर ठेवतो. तो एकदा सुटल्यावर आपोआप पुन्हा तयार होतो, त्यामुळे पहिला प्रयत्न फसला तरी दुसरा हातात असतो.

त्याच तपासणीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लॅमिनेटेड काच सहापैकी एकाही साधनाने भेदली गेली नाही. पुढची मोठी काच नेहमी लॅमिनेटेड असते : दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पडदा, त्यामुळे तडे जातात पण भोक पडत नाही. बाजूच्या काचा बहुधा टेम्पर्ड असतात. टेम्पर्ड काचेचा पृष्ठभाग दाबलेला आणि गाभा ताणलेला असतो. खिळ्याने वरचा थर एका बिंदूत भेदला की तो ताण सुटतो आणि सगळी काच डाळीएवढ्या दाण्यांत कोसळते. पण आता वरच्या किमतीच्या काही गाड्यांत आवाज कमी करण्यासाठी पुढच्या दारांनाही लॅमिनेटेड काच येते. आज घरी गेल्यावर एवढं करा : प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात आयएस २५५३ चा शिक्का असतो, त्याच्या आसपास टेम्पर्ड की लॅमिनेटेड हे छापलेलं असतं का पाहा. पुढची दारं लॅमिनेटेड निघाली तर बाहेर पडायची काच मागच्या दाराची किंवा मागची मोठी, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

मारायचं कुठे? काचेच्या कोपऱ्यात, कडेपासून तीन-चार बोटं आत. मधोमध काच लवते आणि टोला गिळते. तोंड दुसरीकडे वळवून डोळे मिटून घ्यायचे, कारण बाहेर पाणी असेल तर दाणे आत येतात. काचेवर सनफिल्म असेल तर आणखी एक अडचण : काच फुटते पण फिल्मला चिकटून चादरीसारखी जागेवरच राहते. अशा वेळी पाठ सीटला टेकवून दोन्ही पायांनी ती चादर बाहेर ढकलावी लागते. हेडरेस्ट उपटून त्याच्या सळ्यांनी काच फोडायचे व्हिडिओ फिरत असतात. सळ्यांची टोकं बोथट असतात, हेडरेस्ट काढायला दोन हात लागतात आणि ते या कामासाठी बनवलेलंच नसतं. त्यावर विसंबू नका.

पट्टा कापायचं पातं पाहताना धारेपेक्षा खाचेकडे लक्ष द्या. सीटबेल्ट साधारण पावणेपाच सेंटिमीटर रुंद आणि घट्ट विणीचा असतो. खाच अरुंद असेल तर पट्टा आत शिरतच नाही, घडी पडून अडकतो. पट्टा एका हाताने ताणून धरायचा आणि पातं काठापासून तिरकं ओढायचं. सरळ ओढलं तर धागे गोळा होतात. गाडी उलटी झाली असेल तर पट्टा कापण्याआधी एक हात छताला टेकवा, नाहीतर माणूस डोक्यावर पडतो.

स्वस्त हातोड्यांमध्ये दोष नेमका टोकात असतो. बाहेरून चकचकीत, आतून मऊ धातू. टोकावर जाड रंग असेल किंवा कानशीच्या दोन हातांत धातू सहज निघत असेल तर ती ठेवू नका. पंच असेल तर लाकडी फळीवर दाबून पाहा : ठक्क आवाज आणि लाकडात खोल टिंब आलं पाहिजे. नुसतं पोचट दाबलं गेलं तर दुकानातच परत करा. सगळ्यात भरवशाची परीक्षा भंगारच्या दुकानात होते. जुन्या दाराच्या काचेवर घरातल्या प्रत्येकाने एकदा मारून पाहावं, जाड हातमोजे आणि चष्मा घालून.

जागेचं सांगायचं तर डिकी बाद आणि ग्लोव्ह बॉक्सही बाद, कारण धडकेत त्याचं झाकण अडकतं. पुढच्या खांबावर किंवा दाराच्या वर छताच्या कडेला चिकटवू नका, तिथे कर्टन एअरबॅग (काचेवर पडद्यासारखी उघडणारी) असते आणि ती उघडताना हातोडी गोळीसारखी सुटेल. आरशाला टांगू नका. दोन सीटांमधल्या कन्सोलच्या बाजूला, पट्टा बांधलेला असताना हात पोचेल अशा ठिकाणी, वेल्क्रो आणि स्क्रू दोन्ही लावून बसवा. जळगाव-चंद्रपूरच्या मे महिन्यात नुसता दोन बाजूंनी चिकटणारा टेप महिनाभरात सुटतो. मागच्या सीटसाठी दुसरा पंच घ्या. तिथे बहुधा मुलं आणि म्हातारी माणसं असतात.

नव्या गाडीबरोबर मिळणारा, बंद पडलेल्या गाडीच्या मागे ठेवायचा लाल त्रिकोण बहुतेकांच्या डिकीत पिशवीसकट तसाच पडून असतो. तो फुकटचा असला तरी चांगला आहे, फक्त लावला पाहिजे. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटर मागे ठेवला तर मागच्या चालकाला दोन सेकंदसुद्धा मिळत नाहीत. द्रुतगती मार्गावर तो १०० मीटर किंवा जास्त मागे हवा, आणि वळण किंवा उतार असेल तर मागून येणाऱ्याला तो त्याआधीच दिसेल असा. तो नेताना उघडून छातीसमोर धरायचा आणि येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कडेने चालायचं. बाकी सगळ्यांनी गाडीत न बसता कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं.

दुकानात सुरक्षेच्या नावाखाली काही घातक वस्तूही विकल्या जातात. सीटबेल्टचा अलार्म बंद करणारी क्लिप ही त्यातली पहिली. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, ते मागच्या सीटवर पट्ट्याविना होते. त्यानंतर या क्लिपांचा विषय ऐरणीवर आला आणि मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या काढायला लावल्या. १३ हजारांवर जाहिराती उतरल्या. पट्टा नसलेलं शरीर उघडत्या एअरबॅगवर आदळतं, म्हणजे जी पिशवी वाचवायची तीच मारते. दुसरी वस्तू बंपरवरचा लोखंडी क्रॅश गार्ड. तो धडकेचा जोर चुरगळणाऱ्या भागाला न देता थेट सांगाड्याला देतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडवतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. तिसरी पेपर स्प्रे : पर्समध्ये ठीक, गाडीत ठेवायला नको. बंद काचांत मारला तर मारणाऱ्याच्याच डोळ्यांत जातो, आणि उन्हात तापलेल्या गाडीत दाबाखालचा डबा फुटू शकतो.

आता गाडी उभी करून निघून जायची वेळ. चोरीविरुद्धच्या वस्तूंमध्ये आमचं पहिलं मत गिअरचा दांडा जागेवर अडकवणाऱ्या गिअर लॉकला. ज्या गाड्यांच्या किल्लीत चिप असते, त्या गाड्या आज वायर जोडून चालू होत नाहीत. चोर डॅशबोर्डखालच्या ओबीडी पोर्टला (गॅरेजवाले गाडी तपासायला यंत्र जोडतात ती खाच) यंत्र लावून नवी किल्ली ओळखीची करतात किंवा सरळ इंजिन सांभाळणारं कंट्रोल युनिटच बदलतात. म्हणजे लढाई इलेक्ट्रॉनिक झाली आहे, आणि तिथे लोखंडाचा अडसर चोराला लॅपटॉप बाजूला ठेवून करवत काढायला लावतो. मॅन्युअल गाडीत रिव्हर्स टाकून आणि ऑटोमॅटिकमध्ये पी वर आणून लॉक करायचं.

चांगल्या गिअर लॉकची ओळख वरच्या चकाकीत नसते, खाली कन्सोलच्या आत असते. त्याचा ब्रॅकेट गाडीच्या फ्लोअरला किंवा गिअर लिव्हरच्या मूळ पोलादी बैठकीला बसलेला हवा, आणि बोल्ट असे हवेत की आवळल्यावर डोकी तुटून गुळगुळीत उरतात. मग पाना लागत नाही. बरेच फिटर घाईत तो पातळ पत्र्याच्या पट्टीवर साध्या नटबोल्टने लावतात. तो हिसक्याने निघतो. बसवताना समोर उभे राहा आणि कन्सोल बंद करण्याआधी फोटो घ्या. सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून विकलं जाणारं लॉक टाळा, ते पाचवा किंवा रिव्हर्स गिअर पूर्ण पडू देत नाही. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलंच मागा. किल्ली करवती दातांची नको, सपाट अंगावर खळगे असलेली हवी, कारण तिची नक्कल रस्त्यावर होत नाही. लॉकच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्ली फिरते त्या भागात, तेल सोडू नका. तेलाला धूळ धरते आणि कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेत त्याचं चिखलासारखं होतं. ग्रॅफाइटची पूड वर्षातून दोनदा फुंकली की पुरे.

मर्यादाही सांगायला हवी. केबलवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये बॉनेट उघडून केबल सोडवता येते, आणि टोइंगची गाडी पुढची चाकं उचलून नेऊ शकते. म्हणून हँडब्रेक पूर्ण ओढा आणि चाकं फुटपाथकडे वळवून ठेवा. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे पुण्याच्या एआरएआयची मान्यता असलेलं चोरीरोधक साधन बसवलं आणि तसं प्रमाणपत्र दिलं तर विम्याच्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत मिळते. सवलत छोटी आहे, पण मान्यतेची पावती जपून ठेवा. गाडीच्या दोन्ही मूळ किल्ल्याही जपा, चोरीचा दावा केला की विमा कंपनी त्या मागतेच.

स्टिअरिंगला लावायचा लॉकचा दांडा दुसऱ्या क्रमांकावर. बाहेरून दिसतो हा त्याचा खरा गुण. पण चोर दांडा कापत नाही, स्टिअरिंगची कडा कापतो. तिच्यातली सळई दांड्यापेक्षा मऊ असते आणि दांडा मग वाकवून निघतो. त्यामुळे सबंध चाक झाकणारं, डिस्कलॉकसारखं तबकडीचं लॉक चांगलं, फक्त ते जड असतं आणि लोक आठवड्याभरात कंटाळतात. दांडा घेतलाच तर चालवताना ड्रायव्हरच्या सीटखाली अजिबात ठेवू नका. जोरात ब्रेक लावला की तो घरंगळत पुढे येतो आणि पेडलखाली अडकतो.

बटणाने चालू होणारी गाडी असेल तर किल्लीसाठी सिग्नल अडवणारी पिशवी घ्या. दोन चोर असतात : एक घराच्या दाराशी यंत्र घेऊन किल्लीचा सिग्नल उचलतो, दुसरा तो गाडीपाशी पोचवतो, आणि गाडीला वाटतं किल्ली शेजारीच आहे. पिशवीची परीक्षा सोपी आहे. किल्ली आत घालून बंद करा, दाराशी उभं राहून हँडलचं बटण दाबा. दार उघडलं तर पिशवी फुकट. आतलं धातूचं अस्तर घडीवर चिरतं, त्यामुळे ही परीक्षा दर महिन्याला करा. आणि दुसरी किल्लीही पिशवीत ठेवा. बहुतेक घरांत ती शू-रॅकच्या वरच्या वाटीत उघडीच पडलेली असते. मॉलच्या किंवा देवस्थानाच्या पार्किंगमध्ये रिमोटने लॉक केल्यावर हँडल हाताने ओढून पाहायची सवय लावा, कारण सिग्नल जाम करणारं यंत्र जवळ असेल तर बटण दाबूनही गाडी उघडी राहते.

डॅशकॅम चोर थांबवत नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या मापानेच घ्यावा. मागच्या आणि पुढच्या दोन्ही बाजूंचा घ्या. पुढचा १४४०पी चा (हा आकडा जितका मोठा तितकं चित्र बारकाईचं) असेल तर नंबरप्लेट वाचता येण्याची शक्यता बरीच वाढते. १०८०पी वर रात्री, चालत्या गाडीतून, दोन गाड्या पुढची प्लेट नुसती पांढरी पट्टी दिसते. आत लिथियम बॅटरी असलेला घेऊ नका, सुपर कपॅसिटरवाला (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग असलेला) घ्या. उन्हात काचेमागे बॅटरी फुगते आणि कॅमेऱ्याचं कवच उकलतं.

पण बहुतेक डॅशकॅम हरतात ते कार्डामुळे. पुढे सेकंदाला २० मेगाबिट आणि मागे १२ धरले तर तासाला साधारण १४.४ जीबी लिहिले जातात. १२८ जीबीचं कार्ड साडेआठ-नऊ तासांत भरतं आणि जुनं पुसत पुन्हा सुरुवात करतं. साधं मोबाइलचं कार्ड असं सतत लिहिणं सोसत नाही. ते गुपचूप मरतं, कॅमेऱ्याचा दिवा मात्र जळत राहतो. पाकिटावर हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं कार्ड घ्या, महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा आणि त्याच वेळी कालची एक फाइल उघडून तारीख-वेळ बरोबर आहे का पाहा.

उभ्या गाडीवर लक्ष ठेवायचं तर हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट गाडीच्या विजेला जोडणारा वायरींचा संच, लागतं, आणि खरी चूक तिथे होते. तीन वायरी असतात : एक कायम वीज असलेल्या फ्यूजला, एक किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या फ्यूजला, तिसरी बॉडीच्या बोल्टला. फ्यूज बॉक्समध्ये ॲड-अ-फ्यूज (आहे त्या फ्यूजच्या जागी बसून जादा वायर देणारी जोडणी) लावून घ्या. वायर सोलून टेप गुंडाळणाऱ्याकडे काम देऊ नका. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू द्यायचा नाही. वायर पुढच्या खांबातून उतरवताना ती एअरबॅगच्या मागून गेली पाहिजे, पुढून गेली तर एअरबॅग उघडताना अडते. कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असेल तर तीन दिवसांत २१.६ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासाची असते, म्हणजे चौथ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टकटक करेल. किटवर व्होल्टेज कट-ऑफचं बटण असतं, बॅटरी ठरलेल्या व्होल्टपर्यंत उतरली की ते कॅमेरा बंद करतं; ते १२.२ वर ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्म्याच्या आसपास. दुकानदार बहुधा सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवून देतात, कारण मग रेकॉर्डिंग जास्त वेळ चालल्यासारखं दिसतं.

काही घडलंच तर ती फाइल पुसली जाऊ नये म्हणून कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा, गाडी बंद करा आणि कार्ड काढून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत दाबून लहान झालेली असते, मूळ फाइल कार्डातच राहू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळखीचा आकडा, लिहावं लागतं. कार्ड पाकिटात घालून त्यावर तारीख आणि वेळ लिहा, आणि त्या दिवसापासून कॅमेऱ्यात दुसरं कार्ड लावा.